लांब वटवाघूळ

शाळेत मार्कांसाठी संस्कृत घेतलेल्या माणसाला जगातली कुठलीही मेलेली भाषा आपल्याच वाडवडिलांची वाटते. मी त्यांतलाच. इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या रविवारच्या क्रिकेट संघानं टोप्या शिवायला टाकल्या, तेव्हा त्यांवर लॅटिन ब्रीदवाक्य हवंच, हा हट्ट माझा. इथे शाळा, पालिका, फुटबॉल क्लब, कुणाच्याही बिल्ल्यावर लॅटिन सापडतं. ‘अरे, आपल्या मुंबईचंही “उर्ब्स प्रिमा इन इंडिस” होतंच की,’ असं म्हणून मी गिरगावकर कप्तानाला पटवलं.

इंग्रजी वाक्य तयार होतं: ‘बॅट लाँग, ईट वेल’. पैकी उत्तरार्ध आम्ही मनापासून पाळतो. लॅटिनला विभक्त्या सहा, द्विवचन नाही. ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्याला ही सवलतच. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक खिशात मावणारा कोश आणला आणि एका बैठकीत काम उरकलं: ‘वेस्पर्टिलिओ लाँगुस, एस्ते पुतेउम’. बॅट पुल्लिंगी निघाली, म्हणून लाँगही पुल्लिंगी केला. वेल हे कर्म, त्याला द्वितीया लावली. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती.

पहिल्याच सामन्याला पंच म्हणून लॅटिनचे निवृत्त मास्तर उभे. नाणेफेकीला त्यांनी कप्तानाच्या कपाळाकडे टक लावून पाहिलं आणि नाणं उडवायचं विसरले.

‘लांब वटवाघूळ,’ त्यांनी सावकाश अर्थ लावला, ‘विहीर खा.’

कोशातली पहिली बॅट उडणारी होती आणि पहिलं वेल पाण्यानं भरलेलं. ‘चांगलं’ला शब्द ‘बेने’, ‘बराच वेळ’ला ‘दिऊ’. आणि बॅटिंगला रोमनांकडे क्रियापदच नाही, बिचारे खेळलेच नव्हते. विहिरी खाणारे आमच्या मुलखात पुष्कळ आहेत म्हणा, पण ते कागदोपत्री खातात. टोपीवर कबुली देत नाहीत.

मास्तर भला माणूस. ‘“एस्ते” मात्र बरोबर आहे हं,’ म्हणाले. त्यातला पहिला ए दीर्घ असला तर ‘खा’, ऱ्हस्व असला तर ‘असा’. लिहिताना दोन्ही सारखंच. असणं आणि खाणं यांत आमचा संघ तसाही फरक करत नाही.

टोप्या परत घ्यायला शिवणारा तयार होईना. कप्तानानं मग ईर्षेनं बिल्ल्यावर खरोखरचं वटवाघूळ काढायचं ठरवलं. ते लांब दिसावं म्हणून पंख पसरलेलं हवं की उलटं टांगलेलं, यावर मंडळाची खास सभा भरली. मला बोलावणं नव्हतं.