अण्णांची घासाघीस

आमच्या सोसायटीतल्या अण्णांना कुठल्याही कामाची मजुरी सांगितली, की ते आधी डोळे मिटतात. चेतक स्कूटरच्या दोन पॅनेलना रंग द्यायचे पेंटरने चार हजार सांगितले, तेव्हाही मिटले. उघडले ते थेट हार्डवेअरच्या दुकानात.

"रंग फार तर सहाशेचा. बाकीचे चौतीसशे कशाचे रे? हात हलवायचे! आपल्याला काय हात नाहीत?"

अण्णांना कंजूष म्हणाल तर चुकाल. पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणताना तिसऱ्यांदा श्रीखंड वाढणारा माणूस. फक्त दहा बोटांनी होण्याजोग्या कामाचे पैसे देणं त्यांना अपमानाचं वाटतं.

चेतक 1984 ची, आकुर्डीची. वडिलांनी बुकिंग केलं तेव्हा अण्णा कॉलेजात होते. गाडी दारात आली तोवर त्यांचं लग्न ठरलं होतं. "अस्सल पत्रा आहे, तुमच्यासारखं प्लास्टिक नव्हे," म्हणत ते पॅनेलवर टिचकी मारतात. यंदा टिचकीसरशी रंगाचा पोपडा उडाला आणि खालचा गंज दिसला, तिथून हे सगळं सुरू झालं.

पॅनेलं गॅलरीत आली. काकूंची परात पाण्याला गेली. आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 400 चा, पाणी लावून. आयुष्यभर भाजीवाल्यांशी केलेली घासाघीस अण्णांनी या तीन दिवसांत खऱ्या अर्थाने केली. खड्ड्यांत लांबी भरली ती मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने. वर रेड ऑक्साइड. इथवर, खरं सांगतो, काम पेंटरच्या तोंडात मारेल असं झालं होतं.

रंग मात्र ग्रेच हवा, कारण आरसी बुकात ग्रे लिहिलाय. बदलायचा तर आरटीओत खेटा आणि वर फी. जुलैच्या भर पावसात डावं पॅनेल कपड्यांच्या दोरीला टांगून अण्णांनी स्प्रेचा डबा हलवायला घेतला. आतली गोळी टकटक वाजायला लागली तशी शेजारची कुत्री भुंकायला लागली. पातळ हात मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा मारायचा, हे त्यांना ठाऊक होतं. पण थांबण्यात त्यांना डबा वाया जाताना दिसला. एकाच दमात मारला. ओघळ थेट खालच्या कडेपर्यंत आले, दमट हवेने वर दुधाळ झाक धरली, आणि तुळशीची अर्धी पानं आरसी बुकाबरहुकूम ग्रे झाली.

"अहो, तुळस!" काकू म्हणाल्या.

"पुसली की जाईल."

ओघळ घासून पुन्हा मारण्यात डबा संपला. उजव्यासाठी दुकानात दुसऱ्याच कंपनीचा ग्रे मिळाला.

रविवारी अण्णांनी वही दाखवली. एकूण खर्च 2,140. वाचले 1,860. नवी परात त्यात नव्हती. चार दिवसांच्या रिक्षाही नव्हत्या; त्या, म्हणे, वेगळ्या वहीत.

खाली चेतक उभी होती. डावी बाजू पावसाळी ढगासारखी, उजवी चुलीतल्या राखेसारखी.

"अण्णा, दोन रंग दिसतायत हो," मी चाचरत म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले.

"अरे, दोन्ही बाजू एकदम कोणाला दिसतात?"

मी गाडीभोवती दोनदा फिरून पाहिलं. खरंच, दिसत नाहीत.