हेल्मेटातली मेथी

आमचा नातू सातवीत आहे. त्याच्या मते मी वेळापुरातला सर्वांत मागासलेला आजोबा. शेजारच्या अण्णांनी आपल्या नातवाला घरापासून चौकापर्यंत स्कूटी न्यायची मुभा दिली आहे आणि मी दिलेली नाही, एवढा पुरावा त्याला पुरतो. परवा तो मोबाइल नाचवत आला. "आबा, ह्ये बघा. तिकडं सहा-सात वर्सांची पोरं मोटरसायकल चालवत्यात. आन् कुणी बोलत बी न्हाई."

मी चष्मा लावला. परदेशातलं कुठलंसं शर्यतीचं मैदान होतं. पलीकडे ट्रॅक, अलीकडे भलंमोठं आवार. त्या आवाराला पॅडॉक म्हणतात. साखर कारखान्यावर गाडीतळ असतो, तसंच काहीसं. उसाच्या गाड्या नंबर लागेपर्यंत थांबतात आणि टोळीचं अख्खं बिऱ्हाड तिथंच नांदतं. इथंही टेंपो, तंबू, टायरींचे ढीग, पान्यांच्या पेट्या. बाप इंजिन उघडून बसलेला, आई शेगडीवर काही शिजवतेय आणि पोरं सगळ्यांच्या मधून बुटक्या मोटरसायकली हाकताहेत. गाड्यांची चाकं भाकरीच्या तव्याएवढी आणि बसणाऱ्याचे गुडघे कानाशी.

"कुणी बोलत नाही म्हणतोस, मग ही पाटी कसली?" मी चित्र थांबवलं. पाटीवर नियमच नियम होते. हेल्मेट नसेल तर गाडीला हात लावायचा नाही. चालत्या माणसाच्या वेगापेक्षा जोरात जायचं नाही. अंधार पडला की गाडी बंद. शर्यतीच्या गाड्या जिथून ट्रॅकवर जातात तिकडे फिरकायचं नाही. आणि पोरानं आगळीक केली तर पोरासकट बापाला आवाराबाहेर काढलं जाईल.

"चालत्या माणसाच्या वेगानं मोटरसायकल?" नातू हिरमुसला. "मग चालतच जावं की!"

चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसासमोर नियमाचा विषय काढणं म्हणजे मारुतीसमोर शेपटीचा विषय काढणं. मी त्याला खाली बसवलं आणि आपल्याकडचा कायदा सांगायला घेतला.

मोटार वाहन कायदा 1988 चा. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची तर वय 18 हवं. मात्र 50 सीसीपर्यंतची मोटरसायकल 16 व्या वर्षी परवाना काढून चालवता येते. ही सवलत वाचली की मला लूना आठवते. फिरोदियांच्या कायनेटिकची ती गाडी 1972 साली आली. 50 सीसीची, पेट्रोल संपलं तर पायडल मारायची सोय असलेली. चढावर तर पेट्रोल असूनही मारावं लागे. आता दुकानात जाल तर पेट्रोलवरचं सगळं 50 सीसीच्या बरंच पुढे. सवलत कायद्यात शिल्लक आहे, पण तिच्यात बसणारी गाडी दुकानातून गेली. पाळणा घरात आहे, मूल केव्हाच मोठं होऊन मुंबईला गेलं, तसंच हे.

कायद्यात आणखी एक गंमत आहे. चारपेक्षा कमी चाकं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असेल, तर कायद्याच्या व्याख्येत ते मोटार वाहनच नव्हे. बॅटरीवरच्या गाडीचंही तसंच. ताकद 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर नंबरप्लेट नको नि परवानाही नको. हे ऐकताच नातवाचे डोळे लकाकले. मास्तरांनी एवढं खोलात शिकवू नये, हे मला निवृत्तीनंतर कळतंय.

म्हणून लगेच 2019 ची दुरुस्ती सांगितली. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. आणि त्या पोराला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मी हिशेब मांडून दाखवला, "तुझं लग्न कायद्यानं 21 व्या वर्षी होऊ शकतं. बायको घरी आणता येईल. पण तिला गाडीवर बसवून पंढरपूरला न्यायचं म्हटलं, तर चार वर्षं तिनं चालवायची आणि तू मागं बसायचं."

नातू म्हणाला, "मग काय झालं? आई चालवते, बाबा मागं बसत्यात."

मी विषय बदलला.

खरं तर या विषयात हसण्यासारखं थोडंच आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर बंगळूरचा तेरा वर्षांचा रायडर शर्यतीत पडला आणि गेला. अंगावर चामडी पोशाख, डोक्यावर उत्तम हेल्मेट, जवळ रुग्णवाहिका, सगळं होतं. त्याआधी 2021 मध्ये युरोपातल्या ट्रॅकवर एकाच वर्षात तीन किशोर रायडर गेले, तेव्हा मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेनं ग्रांप्री शर्यतींसाठी किमान वय 18 वर नेलं. वेगाचाच धंदा करणारे लोकसुद्धा मुलांच्या बाबतीत दोन पावलं मागं आले. आणि आमच्याकडे पोराचे पाय जमिनीला टेकले की बाप चावी देतो. वर पाव्हण्यांना कौतुकानं सांगतो, "आमचा बारका बुलेट उडवतो!" 2024 च्या मे महिन्यात पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीनं दोन तरुण जिवांचा बळी घेतला आणि जामिनाच्या अटींत त्याला अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. निबंधानं चाक थांबत नाही, हे जन्मभर निबंध लिहवून घेतलेला माणूस म्हणून मी सांगू शकतो.

मग थांबतं कशानं?

याचं उत्तर आमच्या गावाजवळ दर आषाढात मिळतं. माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे निघते, तेव्हा वाटेत खुडूस फाट्यावर गोल रिंगण होतं. मध्ये पालखी, भोवती दिंड्या आणि त्याभोवती माणसांची दाट भिंत. आधी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात. मग अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे सुटतात. एकावर स्वार, दुसरा मोकळा. मोकळा तो माउलींचा. चौखूर उधळलेला तो घोडा हातभर अंतरावरून जातो, पण एक माणूस पाऊल पुढे टाकत नाही. तिथं कुणी दंडाची पावती फाडत नाही. घोडा थांबला की मात्र सगळे खाली वाकतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. ज्या वेगाला आपण वाट करून दिली, त्याच्याच पाया पडायचं.

पुढे गाव जवळ आलं की धावा होतो. तुकोबांना इथल्या उतारावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरी आजही तो उतार धावत उतरतात. सत्तरीची म्हातारी पदर खोचून पळताना मी पाहिली आहे. वेगाची हौस ही काही सातवीतल्या पोरांची मिरास नाही. पण म्हातारी पळते तेव्हा तो रस्ता तिचाच असतो. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत नाही.

आता त्याच बाजूनं चौपदरी पालखी महामार्ग गेला आहे. 2021 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. रस्ता झकास आहे. आषाढाखेरीज इतर महिन्यांत त्यावर पोरांचं रिंगण चालतं, फक्त कड आखणारं कुणी नसतं. त्या परदेशी पॅडॉकवाल्यांनी निराळं काय केलं? पोरांना गाडी दिली, पण तिच्याभोवती रिंगण आखलं, आणि रिंगण मोडलं तर बापालाही बाहेर काढायची पाटी लावली.

हे मी नातवाला माझ्या परीनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तहाची बोलणी सुरू केली. गहू निघाल्यावर शेतातला एक तुकडा मोकळा असतो. तिथं मी फक्कीनं गोल आखून द्यायचा, त्यानं आत सायकल पळवायची. गाडीचा विषय अठरा वर्षांनंतर. त्यानं वहीचं पान फाडलं आणि स्वतःच नियम लिहिले. हेल्मेट, अंधार पडल्यावर बंद, गोलाच्या बाहेर गेलं की डाव संपला. अक्षर वाईट होतं, पण मजकूर चोख.

मग त्यानं चौथा नियम लिहिला आणि पान माझ्यापुढे सरकवलं: "आबांनी पण हेल्मेट घालायचं."

मी म्हटलं, "मी तर नेतो की गाडीवर हेल्मेट."

"नेता. आरशाला अडकवून नेता. आन् येताना त्यात मेथी आणता."

घरातून सुनेच्या हसण्याचा आवाज आला. कायद्याचं 129 वं कलम मला पाठ आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकानं दुचाकीवर हेल्मेट घालायचं, पुढं बसो की मागं. चार वर्षांखालच्या लेकरालाही 2023 पासून हेल्मेट, अंगाला पट्टा आणि गाडीचा वेग ताशी 40 च्या आत. सगळं पाठ आहे. बाजारातून येताना मात्र ते मेथीखाली दबलेलं असायचं.

काही न बोलता मी पानावर सही केली.

गेल्या आठवडी बाजाराला कापडी पिशवी घेऊन गेलो. मेथी, शेपू, पावशेर मिरच्या, सगळं पिशवीत. हेल्मेट डोक्यावर. चौकात शेजारचे अण्णा भेटले, त्यांनी मला ओळखलंच नाही.