तेवीस मिनिटांची हुर्यो

१९७७ सरता सरता न्यूयॉर्कच्या दोघांनी आपली पहिली तबकडी काढली. ॲलन वेगा गाणार, मार्टिन रेव्ह वाजवणार. गिटार नाही, ड्रमवाला नाही. एक जुनापुराणा ऑर्गन आणि ठेका धरणारं एक यंत्र, जे दमत नाही आणि दादही मागत नाही. जोडीचं नाव ‘सुसाइड’, तबकडीचंही तेच. असलं नाव ठेवून बारशाला बोलावल्यावर पाहुण्यांनी पेढे मागू नयेत, हे ओघानं आलंच. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकानं तर तबकडी यथास्थित झोडपली.

पण छापील झोडपणं कितीही झणझणीत असलं तरी त्याला आवाज नसतो. तो मिळाला पुढच्या वर्षी, १६ जून १९७८ ला, ब्रसेल्समध्ये. एल्व्हिस कॉस्टेलोच्या कार्यक्रमाआधी या दोघांना रंगमंचावर उभं केलं होतं. लोक आले होते कॉस्टेलोसाठी. समोर काळ्या चष्म्यातला एक अबोल वादक आणि अंगावर धावून येईल असा गायक. आधी शिट्ट्या, मग हुर्यो, मग कॉस्टेलोच्या नावाचा घोष आणि शेवटी कुणीतरी वेगाच्या हातातला माइकच पळवला. हे सगळं एका सोबत्याच्या कॅसेटवर उतरलं. पुढे पहिल्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ही ‘ब्रसेल्सवरची २३ मिनिटं’ तिच्यासोबतच दिली गेली. पुस्तकाच्या मलपृष्ठावर प्रतिकूल अभिप्राय छापणारा प्रकाशक माझ्या तरी पाहण्यात नाही. त्या रात्री घसा फोडून ‘चालते व्हा’ म्हणणारे तरुण आता साठी ओलांडून नातवंडांना बागेत नेत असतील. आपण एका गाजलेल्या रेकॉर्डवर गायलो आहोत, हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? मानधन राहो, श्रेयनामावलीतही नाव नाही.

आमच्या गावात एक नाट्यसमीक्षक होते. मध्यंतरात बटाटेवडा खाऊन ते घरची वाट धरायचे आणि रविवारच्या अंकात तिसऱ्या अंकाच्या प्रकाशयोजनेला शाबासकी द्यायचे. त्यांच्या शाबासकीनं कुणाचं काही बिघडलं नाही, उभारीही आली नाही. त्यांच्या तुलनेत ब्रसेल्सचा तो जमाव मला फार सचोटीचा वाटतो. हुर्यो उडवायची तरी आधी ऐकावं लागतं.

आणि ऐकणं सोपं नव्हतं. सात गाण्यांच्या या तबकडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या ‘फ्रँकी टिअरड्रॉप’नं व्यापलाय. वीस वर्षांचा कारखान्यातला कामगार, सकाळी सात ते संध्याकाळी पाच राबूनही बायकापोरांना पुरा न पडणारा. मग जे होतं ते वेगाच्या किंकाळ्यांतून दहा मिनिटं आपल्यावर कोसळत राहतं. हे गाणं एकदा ऐकलं तेवढं पुरे, अशा अर्थाचं कादंबरीकार निक हॉर्नबीनं लिहून ठेवलंय. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं मात्र ते इतकं मनावर घेतलं की १९८२ च्या त्याच्या ‘नेब्रास्का’ अल्बममधल्या ‘स्टेट ट्रूपर’ या गाण्यात त्या किंकाळ्यांचे पडसाद उमटले. एकाचा कान मिटला, दुसऱ्याचा उघडाच राहिला. समीक्षा म्हणून मला दोन्ही मान्य आहेत.

‘रोलिंग स्टोन’चं काय? त्यांनी २००३ साली पाचशे श्रेष्ठ अल्बमची यादी केली आणि त्यात या तबकडीला ४४६ वी जागा दिली. २०२० च्या यादीत ती ४९८ वर आली. म्हणजे आधी हाकललं, मग आत बोलावलं आणि आता पुन्हा हळूहळू दाराकडे सरकवणं चाललंय. आदरालाही एवढं अवघडलेपण असतं, हे पाहून त्या दोघांपेक्षा मला यादी करणाऱ्यांचीच माया वाटते.

या सगळ्या गदारोळात ‘चेरी’ हे गाणं कुणाच्या हिशेबातच धरलं जात नाही. तेच दोघे, तेच यंत्र. पण अंधाऱ्या जिन्यात कुणी काजव्यांची बरणी सांडावी तसे वरचे बारीक सूर चमकत उतरतात आणि वेगा जवळजवळ कुजबुजत प्रेम व्यक्त करतो. तेव्हा ही तबकडी हाती लागलीच, तर ‘चेरी’पासून सुरुवात करा. ‘फ्रँकी’ नंतर, दिवसाउजेडी ऐका. आणि घरात कुणी झोपलेलं असेल तर हेडफोन लावा.