तालुक्याचे परराष्ट्र व्यवहार

लेकरू परदेशी गेलं की आई-बाप आपोआप परराष्ट्र खात्यात रुजू होतात. कळंबचे व्हिसावाले सर असेच रुजू झाले. मुलगा जर्मनीत स्थिरावला, तरी यांनी राजीनामा काही दिला नाही. मूळचे भूगोलाचे शिक्षक. नोकरीत असताना पोरांकडून देशांच्या राजधान्या पाठ करून घ्यायचे, आता त्याच देशांच्या प्रवेशाच्या अटी स्वतः पाठ करतात. असे सर बार्शीत असतात, अंबाजोगाईत असतात. केजला दोन आहेत म्हणे, आणि त्यांचं आपसात पटत नाही.

हेन्ली पासपोर्ट निर्देशांक नावाची एक जागतिक यादी असते. आधी व्हिसा न काढता किती ठिकाणी जाता येतं, यावर देशांचे क्रमांक लागतात. जुलै 2025 मध्ये भारत 77वा होता, 59 ठिकाणं खुली होती. ऑक्टोबरात 85वा, ठिकाणं 57. पहिल्या आलेल्या सिंगापूरला 193. सर ही यादी दहावीच्या निकालासारखी वाचतात. "पास झालोत हो, पण ॲडमिशन मिळंना गेलंय," एवढंच म्हणतात आणि चष्मा पुसतात.

"सर, यंदा कुठं तरी बाहेर जावं म्हणायलोत," असं म्हणत कुणी आलं, की कुठं जायचंय हे सर विचारतच नाहीत. "कागद काय काय हायत?" हा पहिला प्रश्न. मधल्या दर्जाच्या पासपोर्टवाल्याने हौस नंतर काढायची, फाईल आधी काढायची, हे त्यांचं शास्त्र. फाईल पातळ निघाली तर नेपाळ: 1950 च्या करारापासून व्हिसा नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. बरी निघाली तर थायलंड, जिथं नोव्हेंबर 2023 पासून आपल्याला व्हिसा माफ झाला. नाहीतर मलेशिया, तिथंही त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून माफी. मॉरिशसही आहे, पण तिकीट ऐकून माणूस परत थायलंडवर येतो. फिलिपिन्सने जून 2025 मध्ये चौदा दिवसांची सूट दिली, तेव्हा सरांनी ती बातमी दुपारच्या झोपेतून उठवून लोकांना सांगितली. इराणने फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेली सवलत नोव्हेंबर 2025 मध्ये थांबवली, तेव्हा वहीतल्या इराणवर लाल रेघ ओढून ते दिवसभर गप्प होते. कळंबमधून इराणला कुणी निघालं नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

खरी रंगत शेंगेनची. युरोपातले 29 देश, व्हिसा एक. मोठ्या माणसाला फी 90 युरो, अर्ज नाकारला तरी परत नाही. विमा किमान 30 हजार युरोचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी, आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी मुदत शिल्लक. इथवर ऐकून माणूस मान डोलावतो. मग सर म्हणतात, "इन्कम टॅक्स रिटर्न?" आणि मान थांबते. वीस एकराचा बागायतदार असला तरी शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेकांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं. बँकेच्या सहा महिन्यांच्या उताऱ्यात पाच महिने शुकशुकाट आणि मग एकदम ऊसबिल. व्हिसा अधिकाऱ्याला वाटतं, कुणीतरी दाखवायला पैसे टाकलेत. रांजणीचा कारखाना, गाळप हंगाम, आडत्याकडं थांबलेले सोयाबीनचे पैसे हे सगळं सर एका पानाच्या इंग्रजी पत्रात बसवतात. शेवटी सातबाऱ्याचं भाषांतर जोडतात. अर्जदार परत येणार याचा पुरावा मागतात ना? "एवढी जमीन टाकून हा तिथं भांडी घासायला राहणाराय का?" सरांचा हा प्रश्न खोलीतल्या लोकांना असतो, पण रोख बर्लिनवर असतो.

चिंता अनाठायी नाही. 2024 मध्ये भारतातून शेंगेनसाठी अकरा लाखांवर अर्ज गेले, त्यांतले सुमारे 1 लाख 65 हजार नाकारले गेले.

कागद जमले तरी ते एकमेकांशी जमत नाहीत. जिल्हा 2023 मध्ये धाराशिव झाला, जुन्या कागदांवर उस्मानाबाद आहे. इंग्रजीत गावाची दोन स्पेलिंगं चालतात, शिवाय एक कळंब यवतमाळ जिल्ह्यातही आहे. त्यात आपल्याकडची ती 1 जून! शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली जन्मतारीख. नवरा 1 जून, बायको 1 जून, मेहुणा 1 जून. दूतावासातल्या माणसाला हा काहीतरी सामुदायिक कट वाटला तर त्याला दोष कसा द्यायचा? सर याबाबतीत नेहमीपेक्षा मवाळ आहेत. त्यांनी स्वतः किती पोरांना 1 जून दिला असेल, हे त्यांना ठाऊक आहे.

एखादा फार खचला तर सर इतिहास काढतात. 1986 पर्यंत इंग्लंड पाहायला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसा लागत नसे. पु. ल. देशपांडे यांचं 'अपूर्वाई' आलं 1960 मध्ये, त्या दिवसांत अडचण व्हिसाची नव्हती, पासपोर्टची होती. तो देणं न देणं सरकारच्या मर्जीवर. 1967 मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. "तवा मर्जी दिल्लीची होती, आता पॅरिसची हाय. कशाला भ्यायलाव?" यातून धीर कसा मिळतो कळत नाही, पण मिळतो.

बाळंतपणाची प्रकरणं सर स्वतःकडं राखून ठेवतात. शेंगेनमध्ये 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहता येतं. तारखेआधीचे तीन आठवडे, सव्वा महिना, बारसं, असं बसवून ते आजीबाईंचं परतीचं तिकीट सुचवतात. पोर उशिरा जन्मलं तर ते त्याला अर्जातली त्रुटी समजतात.

बाईंना, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींना, या खात्याचं कौतुक नाही. "त्यापेक्षा येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला चला, तिथं कुणी कागद मागत नाही," असं त्या चहा ठेवता ठेवता म्हणतात. चहा मात्र प्रत्येक अर्जदाराला मिळतो. सर फी घेत नाहीत. पुण्या-मुंबईत याच कामाचे लोक हजारो रुपये मोजतात. सरांचा दोष एकच, काळजी ते गरजेपेक्षा जास्त वाटतात. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्यांऐवजी संगणकी नोंद सुरू झाली, त्याचंही त्यांना वाईट वाटतंय. शिक्का नसेल तर जाऊन आल्याचं गावाला दाखवायचं काय?

तेव्हा उन्हाळ्यात युरोपचा बेत असेल तर विमानाचं बुकिंग करायच्या आधी सरांना गाठा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलात तर चालत नाही. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा आणा, आणि कागदांच्या झेरॉक्स दोन-दोन काढूनच या. सरांच्या घरी लाईट असेलच असं नाही.