बुशांची बडतर्फी

मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांत सलोखा राखण्याकरिता जी पोलादी कांब आडवी घातलेली असते, तिला सांगाड्याशी धरून ठेवणारे दोन रबरी बुश वर्षानुवर्षे मुकाट्याने चाकरी करतात आणि झिजून गेल्यावर प्रत्येक गतिरोधकावर ‘खट्’ एवढीच काय ती कैफियत मांडतात. त्यांच्या जागी नवे रबर रुजू करावे, हा सरळ मार्ग झाला. परंतु पुण्यात, जेथे सायंकाळी तिसऱ्या गिअरचे दर्शनही दुर्लभ, तेथील एखाद्या सद्गृहस्थास रविवारी सकाळी साक्षात्कार होतो की, वळणावर आपली गाडी कलते, आणि हा कलंक पॉलियुरेथेनच्या कठीण बुशांवाचून धुतला जाणार नाही.

मग सोसायटीच्या वाहनतळात पुढची दोन्ही चाके सारखी उचलून (एकच उचलल्यास कांब पिळली जाते, एवढे ज्ञान त्यांनी सुदैवाने आधीच संपादिलेले असते) गंजलेल्या बोल्टांची दुपारपर्यंत मनधरणी चालते; सिलिकॉन ग्रीसचे कलम मात्र क्षुल्लक म्हणून वगळले जाते. कल किंचित कमी होतो, हे कबूल केले पाहिजे. पण एका चाकाचा खड्डा आता दुसऱ्यालाही अधिक तत्परतेने कळतो, आणि कोरडे बुश चौकाचौकांत असे कुरकुरतात की पादचारी वळून पाहतात.

सद्गृहस्थ या कुरकुरीस शर्यतीच्या गाडीचे लक्षण मानतात. कांबेचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 20 मिलिमीटरऐवजी 22 घातल्यास जवळजवळ दीडपट होतो, असे त्यांच्या नुकतेच वाचनात आले असून, जाड कांब मागविण्याची तजवीज चालू आहे.