इस्त्रीचे भाऊसाहेब

धाराशिवची जिल्हाधिकारी कचेरी घ्या की परंड्याची तहसील घ्या, तेथे एक तरी भाऊसाहेब असे आढळतातच की, ज्यांच्या विजारीची इस्त्री वैशाखातल्या उन्हातही मोडत नाही, ज्यांचा शर्ट दिवे लागेपर्यंत खोचलेलाच राहतो, आणि ज्यांच्या मते राज्यकारभाराचा डोलारा कायद्याच्या कलमांपेक्षा कॉलरीवर अधिक तोललेला आहे. हुद्द्याने ते अव्वल कारकून. परंतु शासनाने न नेमलेला पोशाख-निरीक्षक हे त्यांचे खरे पद होय.

हा वारसा त्यांच्याकडे आजोबांकडून आलेला आहे. आजोबा निजामाच्या अमदानीत अव्वल तालुकदारांचे पेशकार होते, आणि शेरवानीची गळ्यापर्यंतची बटणे लावून रुमी टोपी चढविल्यावाचून त्यांनी एकाही कागदास हात लावला नाही, ही हकीकत नव्या लिपिकास रुजू होतानाच ऐकावी लागते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, रुमी टोपी जाऊन गांधी टोपी आली आणि पुढे तीही गेली. बटणे मात्र या घराण्यात अबाधित राहिली. ज्या मीर उस्मान अली खानांच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले होते, ते जगातील गर्भश्रीमंतांत गणले जात असूनही जुनाट टोपी व चुरगळलेली शेरवानी घालून वावरत, असे एखाद्या चावट लिपिकाने सुनावलेच, तर भाऊसाहेब शांतपणे उत्तरतात : "ते धनी होते. धन्यानं फाटकं घातलं तर ती ऐट. कारकुनानं घातलं की लोक पगाराची चौकशी करतात."

८ डिसेंबर २०२० हा त्यांच्या आयुष्यातील सुवर्णदिन. त्या तारखेच्या परिपत्रकाने सामान्य प्रशासन विभागाने जीन्स, टी-शर्ट, भडक रंग, चित्रविचित्र नक्षी आणि स्लीपर या सर्वांस शासकीय कार्यालयांतून हद्दपार केले व शुक्रवारी खादी वापरावी असे सुचविले, तेव्हा भाऊसाहेबांनी तो कागद उभे राहून वाचला, आणि लाल शाई हा वरिष्ठांचा अधिकार असल्याने शिसपेन्सिलीने अधोरेखित केला. त्यातील दुपट्ट्याविषयीची ओळ मात्र ते मोठ्याने वाचत नाहीत. ते परिपत्रक नुसते लिपिक बाईंच्या टेबलावर सरकवतात, आणि बाई त्यावर पाण्याचा तांब्या ठेवतात.

त्याच शुक्रवारसाठी त्यांनी खादीचे जाकीट घेतले. ते आठवड्यातून एक दिवस अंगावर असते आणि उरलेले दिवस खुर्चीच्या पाठीवर. भाऊसाहेब चहास गेले असता खेड्यावरून आलेला अर्जदार त्या जाकिटाकडे पाहून साहेब इथेच कुठेतरी आहेत अशा भरवशाने तासभर बसून राहतो, आणि माझ्या मते संपूर्ण कचेरीत नियमितपणे हजर असणारे तेवढेच एक वस्त्र आहे.

मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या भवानी मंदिरात हाफ पँट व बर्मुडा घालणाऱ्यांस प्रवेश नाही, असे फलक लागले आणि गदारोळ होताच त्याच दिवशी तो निर्णय मागेही घेण्यात आला. देवीच्या दारी कोणी काय नेसून यावे, यावर साऱ्या जिल्ह्यात वाद माजला असता भाऊसाहेबांनी आपला अभिप्राय एका वाक्यात दिला : "फलकाला जावक क्रमांक दिला असता, तर टिकला असता."

आणि तरीही या गृहस्थाच्या ठायी एक गुण आहे, जो मला नाकारता येत नाही. कचेरीत जायचे म्हणून पहाटे धुतलेले धोतर नेसून, ठेवणीतला पटका बांधून पीकविम्याच्या तक्रारीसाठी आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास ते स्वतः उठून खुर्ची देतात, कारण सरकारचा खरा मुलाहिजा ठेवून आलेला मनुष्य त्यांना एका नजरेत ओळखता येतो. गुडघ्यावर फाटलेल्या जीन्समधील तरुणास मात्र ते मान वर न करता "काय काम आहे?" एवढेच विचारतात, मग तो तरुण त्या म्हाताऱ्याचाच मुलगा का असेना.

तेव्हा वाचकहो, त्यांच्या टेबलाशी जाणे नशिबी आलेच, तर शर्ट खोचून, चपला पुसून जा. कागद पुढे सरकेल असे आश्वासन मी देत नाही. परंतु तुम्हांस "बसा" म्हणतील.