कैलासवासी बिल्डरसाहेबांस अनावृत पत्र

मु. पो. रेडिंग, इंग्लंड
जानेवारी

रा. रा. बिल्डरसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

आपण 1890च्या सुमारास बांधलेल्या लाल विटांच्या चाळवजा ओळीतल्या एका घरात आम्ही राहतो. कागदपत्रांत आपलं नाव सापडलं नाही, म्हणून नुसतं ‘बिल्डरसाहेब’ लिहिते. राग नसावा. पत्रास कारण गॅसचं बिल. ते आम्ही भरतोच आहोत, पण त्यातला बराचसा खर्च आपल्या खाती मांडायला हवा, असं माझं मत झालं आहे.

तसं घराला नाव ठेवायला जागा नाही. छत उंच, प्रत्येक खोलीला धुराडं, आणि हवा तर अशी खेळती, की दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी खेळायची थांबत नाही. पत्रं टाकायच्या फटीतून येते, फळ्यांच्या जमिनीतून वर येते, पुढच्या खोलीचा पडदा हलवते आणि धुराड्यातून निघून जाते. जाताना आम्ही पैसे मोजून तापवलेली हवा सोबत नेते.

आपल्या भिंतीचं गुपित मात्र रस्त्यावर उभं राहिल्यावर कळतं. रांगेत एक वीट लांबीनं, तिच्याशेजारी दुसरीचं नुसतं तोंड, पुन्हा लांबीनं, पुन्हा तोंड. अशी तोंडं दिसली की समजावं, भिंत भरीव आहे, नऊ इंची. पुढच्या काळातल्या घरांना दोन भिंती आणि मधे पोकळी असते, त्या पोकळीत ऊब धरून ठेवणारं काहीतरी फुंकून भरता येतं. आमच्याकडे भरायला पोकळीच नाही. आजच्या नियमानं बांधलेल्या भिंतीतून जेवढी उष्णता बाहेर पडते, तिच्या निदान पाच-सहा पट आपल्या भिंतीतून पडते. सबंध रस्त्याला फुकट ऊब पुरवायची ही सोय आपण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवलीत आणि नगरपालिकेनं आपला साधा पुतळाही उभारला नाही, याला काय म्हणावं!

आमच्या सासूबाई निफाडच्या. पारा घसरला की ज्या गावाची बातमी पहिल्या पानावर येते आणि जिथल्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, ते निफाड. “थंडीचं कौतुक मला नको सांगूस,” असं बजावत त्या डिसेंबरात इथं उतरल्या. एका संध्याकाळी थर्मोस्टॅटवर वीसचा आकडा असताना शाल, स्वेटर, पायमोजे असा सगळा सरंजाम चढवून त्या पुढच्या खोलीत बसल्या होत्या. भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, “अगं, हिलाच हुडहुडी भरलीय. ही मला काय ऊब देणार?”

एवढं अचूक निदान इथल्या एकाही तज्ज्ञानं केलेलं नाही. हवा वीस अंशांची असली तरी बाहेर दोन अंश असताना आपली भिंत आतल्या अंगाला पंधरा-सोळाच्या वर जात नाही, आणि माणसाचं शरीर त्या गार भिंतीकडे उष्णता फेकत राहतं. म्हणजे आकडाही खरा आणि सासूबाईही खऱ्या. निफाडला पहाटे पाच-सहा अंश झाले तरी दुपारी ऊन भिंतींना शेकून काढतं. इथला जानेवारीतला सूर्य चारच्या सुमारास घरी जातो, मुळात आलाच असेल तर.

मग सासूबाईंनी आकडा पंचवीसवर नेला. त्यांचा लेक म्हणाला, अठरा. त्या वाटोळ्या बटणावरून आमच्याकडे भाऊबंदकीच्या तोडीचं राजकारण झालं. पंचवीसवर नेल्यानं घर लवकर तापत नाही, बॉयलर तेवढ्याच जोरानं चालतो आणि फक्त उशिरा थांबतो, हे आईला सांगायचं धैर्य लेकाला झालं नाही. आणि त्याचं अठराही काही ब्रह्मवाक्य नव्हे. उष्णता बाहेर जाते ती आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. बाहेर बारा आणि आत वीस, तर फरक आठ. बाहेर दोन झाले की फरक अठरा. बटणाला कुणाचा हात लागलेला नसतानाही गळती दुपटीच्या वर जाते. अशा कडाक्याच्या दिवशी एक अंश उतरवला तर अठरातला एक वाचतो, म्हणजे साडेपाच टक्के. ऑक्टोबरात तोच अंश आठातला एक वाचवतो, पण तेव्हा कुणी भांडत नाही.

बिलाविषयीही आपल्या कानावर घालते. मीटर घनमीटर मोजतो, पैसे मात्र युनिटचे, म्हणजे किलोवॉट-तासांचे. घनमीटरला 1.02264 नं गुणायचं, मग गॅसच्या उष्मांकानं, म्हणजे साधारण 39 नं, आणि शेवटी 3.6 नं भागायचं. एका घनमीटरचे अकराच्या आसपास युनिट होतात. त्यावर ‘स्टँडिंग चार्ज’ म्हणून रोजची ठरावीक रक्कम, जी आपण उन्हाळ्यात महिनाभर पुण्याला जाऊन बसलो तरी चालूच राहते. वर पाच टक्के व्हॅट.

सरकारनं ग्राहकाला वाऱ्यावर सोडलंय असं मात्र कुणी म्हणू नये (वाऱ्याची व्यवस्था आपण केलीच आहे). 2019पासून दरांना कमाल मर्यादा आहे. ती एका युनिटच्या दराला आणि रोजच्या रकमेला. बातम्यांत मात्र वर्षाचा एकच ठोक आकडा झळकतो, आणि तो असतो एका काल्पनिक कुटुंबाचा. 2022च्या हिवाळ्यात गॅस भडकला, तेव्हा सरकारनं हा आकडा 2,500 पौंडांवर धरून ठेवला. ते कुटुंब वर्षाला 12,000 युनिट गॅस आणि 2,900 युनिट वीज वापरायचं. ते आपण बांधलेल्या घरात राहत नसणार, हे मी खात्रीनं सांगते. लिझ ट्रसबाई तेव्हा पंतप्रधान होत्या. कुणालाच याहून जास्त भरावं लागणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. तसं काही नव्हतं, जो जास्त जाळेल तो जास्त भरणारच होता. बाई पन्नासेक दिवसांत पायउतार झाल्या. बिल झालं नाही.

त्याच वर्षी जानेवारीत एका मोठ्या कंपनीनं गिऱ्हाइकांना ऊब मिळवायचे उपाय सुचवले होते: पाळीव प्राण्याला कुशीत घ्या, लापशी खा, उड्या मारा. लोक खवळले, कंपनीनं माफी मागितली. आमच्याकडे मांजर नाही. सासूबाईंपुढे हा प्रस्ताव मी ठेवला नाही.

कामाची गोष्ट कंपनीनं तेव्हा सांगितली असती तर? 2005पासून इथं बसवले जाणारे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वसूल करणारे आहेत. पण रेडिएटरमधून परतणारं पाणी पंचावन्न अंशांच्या खाली असेल तरच ते जमतं. बसवणारा प्लंबर सहसा ऐंशीच्या आसपास आकडा लावून निघून जातो. नळाचं पाणीही लागेल तेव्हाच तापवणाऱ्या ‘कॉम्बी’ बॉयलरवर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचा आकडा साठाच्या खाली आणला, की खोल्या जरा सावकाश तापतात आणि गॅसचे सहा-आठ टक्के वाचतात. त्यासाठी एकही उडी मारावी लागत नाही. आमच्या घरात एक अडचण उरतेच. खरी थंडी पडली की तेवढ्या कोमट रेडिएटरांना आपली भिंत हार जात नाही.

बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरची ऊब आत ओढणारं विजेवरचं यंत्र, बसवायला सरकार साडेसात हजार पौंड देतं. तो एका युनिट विजेवर तीन युनिट उष्णता देतो, आणि इथं विजेचं युनिट गॅसच्या चौपट महाग. पुढचा हिशेब आपणच करावा.

आता खरं सांगू का, आपल्यावर माझा तितकासा राग नाही. आपण घर बांधलंत ते कोळशासाठी. विस्तवाला वारा लागतो, म्हणून फटी ठेवल्यात. रुपयातले बारा आणे धुराड्यातून वर गेले तरी चालत होतं, कारण तापवायची एकच खोली आणि बाकीच्या घरात गोधडी. राग येतो तो आपल्या नंतरच्यांचा. डिसेंबर 1952मध्ये लंडनला धुरानं हजारो माणसं मेली, 1956ला स्वच्छ हवेचा कायदा झाला, 1967पासून उत्तर समुद्रातला गॅस घरोघर आला, खोलीखोलीत रेडिएटर लागले. विस्तव गेला आणि विस्तवासाठी ठेवलेली भोकं राहिली. आणि आता बिल वाढलं की विचारतात, तुम्ही घरात स्वेटर घालता ना?

तरी पुढील बाबींची नोंद घ्यावी. धुराड्यात लोकरीचा जाड बोळा बसवला आहे. जमिनीखालच्या जाळीच्या विटा बुजवणार नाही, नाहीतर आपले वासे कुजतील. पुढच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला आतून ऊबरोधक फळ्या लावायच्या आहेत. त्यात खोली वीतभर लहान होईल आणि त्या बाजूची आपली प्लास्टरची वेलबुट्टी झाकली जाईल. याबाबत आपल्या काही हरकती वा सूचना असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवाव्यात. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.

कळावे,
आपली घरमालकीण
(हप्ते फिटेपर्यंत बँकेच्या परवानगीने)

ता. क. — सासूबाईंचं तिकीट मार्चचं आहे. फळ्या त्याआधी लागाव्यात, एवढी त्यांची सूचना मुदतीत आलेली आहे.